ळ काढायचा तास

लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर, अकरा चालू,
त्यातल्या तीन माऊसना डावीकडे घसरायची खोड.
मी बत्तीस वर्षं फळ्यावर मडकी काढली,
मडक्यामागे पडणारी सावली काढली.
जूनमध्ये हेडसर म्हणाले, चित्रकलेच्या बाईच घेतील हा विषय,
आणि कुलपाची किल्ली माझ्या हातात.

तर आजचं काम: एक अक्षर, आपल्या आवडीचं.
ठिपका ठेवा. दुसरा ठेवा. मधे रेघ आपोआप येते.
ठिपक्याला दोन मिशा फुटतात, त्यांना हँडल म्हणायचं,
मिशी पिळली की रेघ पोटातून वाकते.
हे मला परवा रात्री कळलं.
मुलांना सांगताना मात्र
जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगितलं.

फैजानने फ घेतला.
दिव्यांशीने श्री, अर्ध्या तासात त्याचा फेटा झाला.
कनिष्कने ठ, कारण गोल तयार मिळतो;
उरलेला वेळ तो त्या गोलात दात भरत राहिला.

मागच्या रांगेत शर्वाणी पिंगळे.
पडद्यावर पंचेचाळीस ठिपके, नुसतं बाभळीचं झुडूप.
कनिष्क डोकावला: ये क्या, चश्मा?
ळ, ती म्हणाली.
अपने में तो होता ही नहीं।
खरंच होतं त्याचं.
इंदुरात आम्ही दारात चपला काढल्या की ळ घालतो,
निघताना उलट.

ठिपके कमी कर, मी म्हटलं. तेवढंच मला येत होतं.
वळण जिथे मन बदलतं तिथेच ठिपका,
बाकीचं रेघेवर सोड.
तिने एकेक वेचला, गव्हातले खडे वेचावेत तसा.
तीस. बावीस. डावं पोट फुगलं, मागे घेतलं,
पुन्हा फुगलं, पुन्हा मागे.
आमच्या वेळी तिसऱ्यांदा खोडलं की कागदच जायचा.
नऊ उरले
आणि वीज गेली.

सेव्ह केलेलं नव्हतं.
वर्गात आनंदाचा कल्ला,
ती मात्र अंधारात टेबलावर बोट फिरवत बसलेली,
ओठ किंचित उघडे,
जीभ मागे वळवून टाळूला टेकवून बघत होती.
वीज आली तेव्हा नऊच ठिपक्यांत,
एकदाही मागे न घेता.

देणगीतलं स्टिकर कापायचं यंत्र
दोन वर्षं खोक्यात होतं. लाल कागद लावला.
केवढा हवा?
एक वीत, ती म्हणाली.
यंत्राला वीत कळत नाही.
पट्टी आणून तिचा पंजा मोजला: साडेसतरा सेंटीमीटर.

रविवारी दळण घेऊन रामबागेत गेले.
पेंटरने कधीकाळी लिहिलेलं पिंगले आटा चक्की,
त्यातल्या ल वर आता ळ.
लाल जरा जास्तच लाल,
उजवीकडून जुन्या ल चा दांडा डोकावतो,
मात्रा आपल्या जागी, त्यामुळे थोडी एकटी पडलेली.
भुवयांवर पीठ घेऊन तिचे वडील डबा तोलत होते.
जाडं की बारीक, बाई?
पाटीबद्दल चकार शब्द नाही.
मग पैसे परत देताना, माझ्याकडे न बघता,
सकाळपासून दोघांनी विचारलं,
भैया, मालिक बदल गए क्या?

सोमवारी हजेरी.
छापील यादीत पिंगले. दोन वर्षं मी तेच वाचत आले,
मी, माहेरची मुळे.
शर्वाणी पिंगळे, म्हटलं. दोन-तीन माना वर झाल्या.
ती नेहमीसारखीच म्हणाली, हजर.
कनिष्क पुटपुटला, पिंगड़े।
पुन्हा, मी म्हटलं.
पिंगड़े।
त्याची जीभ अजून पंचेचाळीस ठिपक्यांवर होती.